सहा पुस्तकं आणली, तरी गुंतवणुकीतलं काही कळेना: सुरुवात कुठून करू?

कोरी_वही:

नमस्कार. मी ३६ वर्षांची आहे, रुग्णालयात परिचारिका म्हणून काम करते. गेल्या वर्षी बाबा गेले. त्यांच्या साठवणुकीतला माझा वाटा खात्यात जमा झाला, त्याला आता आठ महिने झाले. मी अजून त्याला हात लावलेला नाही. माझ्या जवळजवळ चार वर्षांच्या पगाराएवढी ती रक्कम आहे. बाबांनी ती कशी जमवली हे मी लहानपणापासून बघत आले, म्हणून ती भलत्या ठिकाणी जायची भीती वाटते. आणि नुसती पडून राहिली तर महागाई तिला कुरतडत राहणार, हेही कळतं.

सल्ला कुणाचा घ्यावा? आतापर्यंत ज्यांनी आपणहून सल्ला दिला त्या प्रत्येकाला मला काहीतरी विकायचं होतं. म्हणून ठरवलं, आधी स्वतः शिकायचं. चार लोकांना विचारून सहा पुस्तकं आणली. त्यातलं बेंजामिन ग्रॅहम यांचं 'द इंटेलिजंट इन्व्हेस्टर' चौथ्या प्रकरणात अडकलं. एक शेअरच्या आलेखांवरचं होतं, त्यातल्या लाल-हिरव्या मेणबत्त्यांसारख्या खुणा बघून डोकं दुखलं. दोन पुस्तकांत नुसतं 'श्रीमंतांसारखा विचार करा' एवढंच पानोपानी. पाचवं अजून उघडलेलं नाही. मॉर्गन हाउझेल यांचं 'द सायकॉलॉजी ऑफ मनी' मात्र दोन दिवसांत वाचून झालं आणि मनापासून आवडलं. पण ते मिटल्यावर उद्या सकाळी उठून मी नेमकं काय करायचं, ते काही कळलं नाही.

रात्रपाळीहून आल्यावर झोप लागेपर्यंत अर्धा-पाऊण तास वाचायला मिळतो. गणित दहावीपर्यंतचं येतं. कोणती पुस्तकं, कोणत्या क्रमाने वाचू? आणि चांगलं पुस्तक ओळखायचं कसं?

एकच_वाट:

बर्टन माल्किएल यांचं 'अ रँडम वॉक डाउन वॉल स्ट्रीट' घ्या आणि आणलेली बाकीची सगळी बाजूला ठेवा. पहिली आवृत्ती १९७३ ची, पण लेखक ते सतत सुधारत आले आहेत, म्हणून मिळेल ती नवी आवृत्ती घ्या. डोळे बांधलेल्या माकडाने वर्तमानपत्राच्या बाजारभावाच्या पानावर बाण मारून शेअर निवडले तरी ते तज्ज्ञांच्या निवडीइतकेच चालतील, हा त्यांचा प्रसिद्ध दाखला. सुरुवातीचे बाजारातल्या बुडबुड्यांचे, म्हणजे भाव भरमसाट फुगून कोसळल्याचे, इतिहास गोष्टीसारखे वाचून होतात. शेवटचा भाग प्रत्यक्ष काय करावं याचा आहे, त्यात वयाप्रमाणे शेअर आणि रोखे (सरकारला किंवा कंपनीला व्याजाने दिलेलं कर्ज) यांचं प्रमाण कसं बदलावं तेही आहे. मधली सिद्धांतांची प्रकरणं जड वाटली तर गाळा, पुढे काही अडत नाही. माझं स्वतःचं शिक्षण या एका पुस्तकावर झालं.

देवघेव_विभाग:

ताई, बाबांबद्दल वाचून वाईट वाटलं. तुम्ही आठ महिने घाई केली नाहीत, हे फार चांगलं केलंत.

मी २६ वर्षं ग्रंथालयात काम केलं, त्यातली शेवटची १४ देवघेव विभागात. अर्थव्यवहाराचं कपाट माझ्याकडे होतं. परत आलेलं पुस्तक जागेवर लावण्याआधी मी चाळून बघायची, पान फाटलंय का, कुणी खुणा केल्यात का. त्यामुळे लोक ही पुस्तकं कशी वाचतात ते मला पानांवरूनच कळत गेलं. 'द इंटेलिजंट इन्व्हेस्टर'च्या आमच्या प्रतीत पेन्सिलीच्या रेघा पहिल्या तीन प्रकरणांत दाट होत्या, चौथ्यात विरळ, आणि त्यापुढे पानं कोरी. वेगवेगळ्या हातांच्या रेघा, पण सगळ्या एकाच ठिकाणी येऊन थांबलेल्या. तुम्ही जिथे अडकलात तिथे तुमच्याआधी बरेच वाचक अडकलेत. दोष तुमच्या गणिताचा नाही.

ते पुस्तक १९४९ सालचं. ग्रॅहम यांनी स्वतः शेवटचा हात फिरवला तो १९७३ च्या आवृत्तीवर. चौथ्या प्रकरणात त्या काळच्या अमेरिकन रोख्यांचे प्रकार आहेत, ते आज पाठ करून काहीही साधत नाही. त्या प्रकरणातलं एवढंच घ्या: तुमच्या पैशाचा काही भाग शेअरमध्ये आणि काही रोख्यांत ठेवा, दोन्हींपैकी कुणाचाही वाटा २५ टक्क्यांखाली किंवा ७५ टक्क्यांवर जाऊ देऊ नका, आणि भाव हलून प्रमाण बिघडलं की ते पुन्हा जागेवर आणा. मग थेट आठव्या प्रकरणावर जा, तिथून विसाव्यावर. ग्रॅहम यांचे शिष्य आणि नामवंत गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी या पुस्तकाच्या प्रस्तावनेत याच दोन प्रकरणांकडे विशेष लक्ष द्यायला सांगितलंय. आठव्यात एक काल्पनिक भागीदार भेटतो, मिस्टर मार्केट. तो रोज तुमच्या दाराशी येऊन तुमच्या हिश्शाचा भाव सांगतो, कधी हर्षाच्या भरात, कधी पार हताश होऊन. त्याला विकायचं, त्याच्याकडून घ्यायचं, की त्याला तसाच परत पाठवायचं, हे तुमच्या हातात. विसाव्यात सुरक्षेचं अंतर समजावलंय: आपला अंदाज चुकला तरी निभावेल इतकी जागा खरेदीच्या वेळीच ठेवायची. ही दोन प्रकरणं मी दर वर्षी एकदा वाचते.

पण हे सगळं दुसऱ्या टप्प्यावर. पहिलं पुस्तक म्हणून मी तुमच्या हातात जॉन बोगल यांचं 'द लिटल बुक ऑफ कॉमन सेन्स इन्व्हेस्टिंग' देईन. आकाराने लहान, भाषा सरळ. त्यात एकच मुद्दा पुन्हा पुन्हा येतो, आणि तो पुन्हा पुन्हा यायलाच हवा: बाजार काय देईल ते तुमच्या हातात नाही, पण तुम्ही खर्च किती भरता ते मात्र आहे.

मी हे पुस्तक ११ वर्षं उशिरा वाचलं. तोपर्यंत माझी बचत एका फंडात, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून गुंतवणाऱ्या योजनेत, जात होती. ओळखीतून आलेल्या एका विक्रेत्याने तो सुचवला होता आणि मी सही करून मोकळी झाले होते. फी किती असं मी एकदाही विचारलं नाही, आणि त्याने आपणहून सांगितलं नाही. एका दुपारी बोगल वाचताना उठले आणि घरून फंडाची कागदपत्रं आणवली. वर्षाला दोन टक्के! ऐकायला किती लहान आकडा आहे. मी त्याच दिवशी वहीत हिशेब मांडला, तो तुम्हीही स्वतःच्या हाताने मांडा. १०० रक्कम वर्षाला ७ टक्क्यांनी ३० वर्षं वाढली तर ७६१ होते. त्यातले २ टक्के दर वर्षी खर्चात गेले, म्हणजे ती ५ टक्क्यांनी वाढली, तर ४३२. जोखीम पूर्ण माझी, पैसा माझा, ३० वर्षांची वाट मी बघायची, आणि शेवटच्या रकमेतले शंभरातले ४३ दुसऱ्याचे. त्या रात्री मला झोप लागली नाही.

बोगल यांनी १९७६ साली सामान्य गुंतवणूकदारांसाठी पहिला इंडेक्स फंड काढला. इंडेक्स फंड म्हणजे शेअर निवडत न बसता निर्देशांकातले, म्हणजे बाजारातल्या ठरावीक कंपन्यांच्या यादीतले, सगळे शेअर त्याच प्रमाणात घेऊन ठेवायचे, त्यामुळे खर्च अगदी कमी. सुरुवातीला १५ कोटी डॉलर जमतील अशी आशा होती, जमले १ कोटी १३ लाख. लोकांनी त्याला बोगल यांचा वेडेपणा म्हटलं. फंड गुंडाळावा असाही सल्ला मिळाला होता, तो त्यांनी मानला नाही. त्यांच्या पुस्तकात हा हट्ट जाणवतो, आणि तो मला पटतो.

बोगलनंतर वर सुचवलेलं माल्किएल यांचं पुस्तक. मग ग्रॅहम यांची ती दोन प्रकरणं. हाउझेल तुम्ही वाचलंय, ते वर्षाने पुन्हा काढा. हातात पैसे गुंतवलेले असताना ते अगदी वेगळं लागतं. दुकानात झाडलोट करणाऱ्या आणि पेट्रोल पंपावर काम केलेल्या रोनाल्ड रीड यांची त्यातली गोष्ट आठवते ना? २०१४ साली ते गेले तेव्हा त्यांच्याकडे ८० लाख डॉलरहून अधिक संपत्ती निघाली. वाचक त्या आकड्यावर थांबतात. त्या गोष्टीत मला वर्षं महत्त्वाची वाटतात. ते ९२ वर्षं जगले आणि घेतलेलं त्यांनी विकलं नाही.

चांगलं पुस्तक ओळखायचं कसं, हे तुम्ही विचारलंत ते मला फार आवडलं. माझी पद्धत सांगते. पुस्तक शेवटून उघडा. मागे शब्दसूची असते. तिच्यात 'खर्च', 'फी', 'कर', 'महागाई' हे शब्द शोधा. त्यांच्यापुढे पानांचे आकडे भरपूर असतील तर लेखकाला तुमच्या पैशाची काळजी आहे. शब्दच नसतील तर पुस्तक खाली ठेवा. सूचीच नसेल तर अनुक्रमणिका बघा, आणि लेखक कुठे स्वतःच्या चुकीबद्दल बोलतो का ते चाळा. मुखपृष्ठावर अमुक दिवसांत अमुक टक्के असं छापलेलं पुस्तक मी घरी नेत नसे. पुस्तकाच्या शेवटी लेखकाच्याच महागड्या शिकवणीची जाहिरात असेल, तर ते जाहिरातीचं पत्रक समजायचं.

दोन गोष्टी पुस्तकात शोधू नका. एक, करांचे आणि खात्यांचे नियम. ते प्रत्येक देशात वेगळे असतात आणि वरचेवर बदलतात. ते तुमच्या देशाच्या कर खात्याच्या आणि बाजार नियामकाच्या चालू वर्षाच्या माहितीवरूनच घ्या, ती बहुधा फुकट असते. दुसरी, 'आत्ता काय घेऊ' याचं उत्तर. पुस्तक छापून येईपर्यंत तो 'आत्ता' संपलेला असतो.

आणि वाचायला सुरुवात करायच्या आधी, बाबांच्या रकमेतून सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढून ठेवा. हवा तेव्हा मिळेल अशा ठिकाणी. जास्त व्याजाचं कर्ज असेल तर ते फेडून टाका. बाजारातून खात्रीने तेवढा परतावा मिळवून देणारं एकही पुस्तक माझ्या कपाटात नव्हतं.

कोरी_वही:

तुमचं उत्तर दोनदा वाचलं. कर्ज नाही. सहा महिन्यांचा खर्च वेगळा काढला, आज सकाळीच. आठ महिन्यांत मी या रकमेबाबत केलेली ही पहिली गोष्ट आहे, आणि करताना हात थरथरला नाही.

एक शंका. इंडेक्स फंड हेच उत्तर असेल तर मग कंपन्यांचे ताळेबंद वगैरे शिकायची गरजच नाही का? मला शिकायची भीती नाही, फक्त वेळ कमी आहे.

ताळेबंद:

गरज आहे, असं माझं ठाम मत आहे. मी हिशेबनीस आहे, त्यामुळे कदाचित माझा कल तिकडे असेल, पण 'फंड घ्या आणि विसरा' हे ऐकून माणूस आपला पैसा कशात गेलाय हेच बघायचं सोडतो. इंडेक्स फंड म्हणजे शेवटी शेकडो कंपन्यांची मालकीच. एक कंपनी पैसा कसा कमावते ते कळलं नाही तर पडझडीच्या दिवशी शेकडो कंपन्यांवर विश्वास ठेवणार कशाच्या जोरावर?

यासाठी विकत काही घ्यायला नको. बफे यांनी वर्षानुवर्षं चालवलेल्या बर्कशायर हॅथवे या कंपनीच्या संकेतस्थळावर बफे यांची भागधारकांना लिहिलेली १९७७ पासूनची पत्रं फुकट आहेत. महिन्याला एक वाचा. हिशेबाच्या संज्ञा ते जाता जाता समजावतात, आणि स्वतःची चूक 'माझी चूक' म्हणून लिहितात. त्यानंतर फिलिप फिशर यांचं १९५८ चं 'कॉमन स्टॉक्स अँड अनकॉमन प्रॉफिट्स'. कंपनीबद्दल विचारायचे त्यांचे १५ मुद्दे अजूनही कामाचे आहेत. आणि पीटर लिंच यांचं १९८९ चं 'वन अप ऑन वॉल स्ट्रीट'. ते १९७७ ते १९९० मॅगेलन फंड सांभाळत होते आणि त्या काळात त्यांनी वर्षाला सरासरी २९ टक्क्यांच्या आसपास परतावा दिला. सामान्य माणसाला रोजच्या जगण्यात चांगल्या कंपन्या तज्ज्ञांच्या आधी दिसू शकतात, हे त्यांचं म्हणणं मला फार धीर देऊन गेलं.

देवघेव_विभाग:

बफे यांच्या पत्रांबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. मी ती छापून घेऊन बांधून ठेवली होती. २०१७ सालचं पत्र ताईंनी आधी वाचावं. त्यात त्यांनी लावलेल्या दहा वर्षांच्या पैजेचा निकाल आहे: २००८ ते २०१७, एका बाजूला अमेरिकेतल्या ५०० मोठ्या कंपन्यांचा साधा इंडेक्स फंड, दुसऱ्या बाजूला हेज फंडांत, म्हणजे श्रीमंतांसाठीच्या महागड्या फीच्या फंडांत, पैसे गुंतवणारे, तज्ज्ञांनी निवडलेले पाच फंड. पाचांपैकी एकही इंडेक्सच्या पुढे गेला नाही. आणि पैज लावणारा माणूस स्वतः जन्मभर कंपन्या निवडत आलेला! शिकू नका असं तो म्हणत नाही, फीचं ओझं किती ते दाखवतो.

लिंच यांच्या पुस्तकाबद्दल मात्र मला एक गोष्ट सांगायलाच हवी. माझ्या धाकट्या भावाने ते माझ्याकडूनच नेलं होतं. रोज वापरतो त्या वस्तूची कंपनी चांगली, एवढंच त्याने उचललं आणि साठवलेलं बहुतेक सगळं एका कंपनीत घातलं. लिंच स्वतः पुढच्या प्रकरणांत स्पष्ट सांगतात की वस्तू आवडली ही फक्त शोधाची सुरुवात, नंतर कर्ज बघा, नफा बघा, त्या वस्तूचा कंपनीच्या एकूण विक्रीत वाटा किती ते बघा. माझा भाऊ तिथवर पोहोचलाच नाही. रक्कम निम्मी झाली. निम्मी झालेली रक्कम मूळपदावर यायला ती दुप्पट व्हावी लागते, ५० टक्के पडायला काही महिने पुरतात आणि १०० टक्के चढायला कितीतरी वर्षं जातात. त्यानंतर त्याने गुंतवणुकीचा विषयच सोडला. मला अजून वाटतं, मी ते पुस्तक देताना बसून त्याच्याशी बोलायला हवं होतं.

म्हणून ताई, लिंच जरूर वाचा, पण चौथ्या-पाचव्या क्रमांकावर आणि पूर्ण. त्याच्या जोडीला रॉजर लोवेनस्टाइन यांचं 'व्हेन जीनियस फेल्ड' वाचा. लाँग-टर्म कॅपिटल मॅनेजमेंट हा फंड १९९८ मध्ये कोसळला, त्याची ती हकिकत. त्याच्या भागीदारांत दोघे आदल्याच वर्षी अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले होते. त्यांची गणितं हुशारीची होती, पण उसने पैसे प्रचंड घेतलेले, त्यामुळे बाजार अंदाजाविरुद्ध गेला तेव्हा थांबायला सवडच उरली नाही. शेवटी १४ वित्तसंस्थांनी मिळून सुमारे ३६० कोटी डॉलर घातले. यशाची पुस्तकं दहा वाचली तरी उसन्या पैशाची भीती मनात बसत नाही, ती या एका पुस्तकाने बसते.

एकच_वाट:

ताळेबंद यांचा मुद्दा मला पटला. पडझडीत टिकून राहायचं तर मालकीची जाणीव हवी. मी २०२० च्या मार्चमध्ये घाबरून विकायला निघालो होतो. माल्किएल यांच्या पुस्तकातली माझीच समासातली टीप, 'पडल्यावर विकू नकोस', दिसली म्हणून थांबलो. ताई, समासात लिहीत जा. पुस्तक स्वतःचं असेल तर.

कोरी_वही:

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, पाळ्या बदलल्या होत्या. बोगल यांचं पुस्तक संपलं. ग्रॅहम यांचं आठवं प्रकरण काल सकाळी वाचलं.

ते वाचताना मला अतिदक्षता विभागातले नातेवाईक आठवले. मॉनिटरवरचा आकडा जरा हलला की ते दचकून माझ्याकडे बघतात. मी मात्र खाटेच्या पायथ्याशी अडकवलेल्या तक्त्यावर सहा-सहा तासांची नोंद बघत असते, कारण माणूस सुधारतोय की नाही ते तिथे कळतं. भाव रोज बघायचा नाही हे मला कुणी नुसतं सांगून पटलं नसतं. हे मी रोज करते, फक्त पैशाच्या बाबतीत मी त्या खुर्चीवर बसलेली नातेवाईक होते.

वहीत १०० चा हिशेब स्वतः केला. ७६१ आणि ४३२. दोनदा तपासला.

मग कपाटातून एक माहितीपत्रक काढलं. बाबा गेल्यावर महिनाभरात एक जण घरी येऊन देऊन गेला होता, 'तुमच्यासारख्यांसाठीच आहे' म्हणाला होता. पहिल्या पानावर हसरं कुटुंब, दुसऱ्यावर वर चढत जाणारी रेघ. फी शोधत गेले, ती नवव्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत सापडली: वार्षिक २.२५ टक्के. हाच तो आकडा ना? की मी भलतंच काही वाचते आहे?

देवघेव_विभाग:

हो, हाच. बरोबर वाचलंत. त्याच पानावर किंवा पुढच्यावर आणखी एक ओळ शोधा, मुदतीआधी पैसे काढले तर किती कापतील त्याची. ती बहुधा वेगळ्या तक्त्यात असते. सापडली की दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा आणि त्याखाली एखाद्या साध्या इंडेक्स फंडाचे तेच दोन आकडे. मग ३० वर्षांचा हिशेब पुन्हा मांडा, आणि काय आलं ते इथे लिहा. मी वाट बघते.